वादळाच्या दिवशी हवामानाचे सरकारी संकेतस्थळ उघडे कसे राहते

वर्षातले बहुतेक दिवस हवामान विभागाच्या संकेतस्थळावर फारशी वर्दळ नसते. शेतकरी पेरणीआधी डोकावतात, मच्छीमार होडी लोटण्यापूर्वी पाहतात, पत्रकार सकाळ-संध्याकाळ पावसाचे आकडे उतरवून घेतात. मग अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार होते, त्याचे चक्रीवादळ होण्याची चिन्हे दिसू लागतात, वृत्तवाहिन्यांवर लाल पट्ट्या फिरू लागतात आणि एरवी त्या पानाकडे न फिरकणारे लाखो लोक एकाच वेळी तिथे येऊन थडकतात. ज्या दिवशी संकेतस्थळाची खरी गरज, त्याच दिवशी ते कोलमडण्याची शक्यताही सर्वांत जास्त असते. ही अडचण कशी निर्माण होते, तिच्यावर कोणते उपाय आहेत आणि त्या उपायांनाही कुठे मर्यादा पडतात, हे या लेखात सविस्तर पाहू. असे संकेतस्थळ वर्षातल्या त्या एका वाईट तासाचा विचार करून बांधले पाहिजे आणि त्या तासाला इशाऱ्याचा साधा मजकूर सर्वांत आधी लोकांपर्यंत पोचला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. नकाशे, चलचित्रे आणि आलेख यांची पाळी त्यानंतरची.

गर्दी एकदम का येते

आपल्या किनाऱ्यावरचे ‘निसर्ग’ चक्रीवादळ आठवा. १ जून २०२० रोजी अरबी समुद्रातल्या कमी दाबाच्या क्षेत्राची तीव्रता वाढली, २ जूनच्या दुपारी त्याचे चक्रीवादळात रूपांतर झाले आणि ३ जूनच्या दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला ताशी सुमारे ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह जमिनीवर आले. वादळाला नाव मिळाल्यापासून ते किनाऱ्याला भिडेपर्यंत जेमतेम एक दिवस गेला. रायगड, रत्नागिरी, मुंबई, ठाणे आणि पालघर इथल्या लोकांचे सगळे प्रश्न त्या एका दिवसात दाटले होते. वादळ नेमके कुठे धडकणार, किती वाजता, समुद्राचे पाणी किती आत येणार, आपल्या तालुक्याचे काय, हे प्रत्येकालाच आणि ताबडतोब हवे होते.

भारतीय हवामान विभाग चक्रीवादळाची सूचना चार टप्प्यांत देतो. सुमारे ७२ तास आधी पहिली पूर्वसूचना, किनाऱ्यावर प्रतिकूल हवामान सुरू होण्याच्या ४८ तास आधी सावधानतेचा इशारा, २४ तास आधी प्रत्यक्ष धोक्याचा इशारा आणि साधारण १२ तास आधी वादळ जमिनीवर आल्यानंतरच्या परिस्थितीचा अंदाज. वादळ जवळ येऊ लागले की दर तीन तासांनी आणि अगदी शेवटी तासातासाने पत्रके निघतात. ही शिस्त उत्तम आहे, पण तिचा एक तांत्रिक परिणाम असा, की पत्रकाची वेळ झाली म्हणजे वृत्तवाहिन्या, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष, मोबाइलवरची अ‍ॅप आणि सामान्य वाचक हे सगळे एकाच पानाकडे एकाच मिनिटाला धाव घेतात. दिवसभराची सरासरी काढली तर सर्व्हरला हा भार सहज पेलण्यासारखा दिसतो. सर्व्हर कोसळतात ते मात्र या शिखराच्या मिनिटांमध्ये.

या भाराचे गणित साधे आहे आणि ते एकदा करून पाहणे उपयोगाचे ठरते. समजा, इशाऱ्याचे पान नकाशे, बोधचिन्हे, मंत्र्यांची छायाचित्रे आणि सरकत्या चित्रपट्ट्या धरून ३ मेगाबाइटचे आहे आणि १० मिनिटांत १ लाख लोकांनी ते उघडले. एकूण ३०० गिगाबाइट माहिती त्या सर्व्हरवरून बाहेर पडली पाहिजे, म्हणजे सेकंदाला अर्धा गिगाबाइट. जाळ्याचा वेग बिटमध्ये मोजतात आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात, म्हणून त्या हिशेबात सेकंदाला ४ गिगाबिट. आता तोच इशारा १५ किलोबाइटच्या साध्या पानावर ठेवला, तर तेवढ्याच लोकांसाठी दीड गिगाबाइट पुरते आणि लागणारा वेग सेकंदाला २० मेगाबिटवर येतो. हा भार घरगुती फायबर जोडणीच्या आवाक्यातला आहे. दोन्ही पानांवर वाचकाला हवी असलेली माहिती तीच आहे, भार मात्र दोनशे पटींनी कमी झाला आहे. संकेतस्थळाला गर्दी झेपली नाही असे सांगितले जाते, तेव्हा बऱ्याच वेळा खरी अडचण पानाच्या वजनाची असते.

मंदावलेले संकेतस्थळ स्वतःची गर्दी कशी वाढवते

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण ती पहिल्यांदा ऐकताना पटत नाही. संकेतस्थळावरचा भार माणसांची संख्या न वाढताही वाढू शकतो. पान उघडायला २ सेकंदांऐवजी २० सेकंद लागू लागले, की माणूस थांबत नाही. तो पुन्हा बोट दाबतो. पहिली मागणी सर्व्हरच्या रांगेत तशीच उभी असते आणि तिच्या मागे दुसरी, मग तिसरी येऊन उभी राहते. पहिल्या मागणीचे उत्तर अखेर तयार होते, तेव्हा ते घेणारा माणूस पुढे निघून गेलेला असतो आणि सर्व्हरचे श्रम वाया जातात. अ‍ॅप तर याहून हट्टी असतात. उत्तर आले नाही तर दर काही सेकंदांनी पुन्हा मागायचे, असा नियम त्यांत घालून ठेवलेला असतो आणि लाखो फोन तो नियम एकाच ठेक्यात पाळू लागतात. म्हणून चांगले अ‍ॅप लिहिणारे अपयशी प्रयत्नानंतर थांबण्याचा काळ दर वेळी वाढवत नेतात आणि त्यात थोडा अनियमितपणा मुद्दाम मिसळतात, म्हणजे सगळे फोन एकाच क्षणी परत येत नाहीत. काम बारीकसे आहे, पण वादळाच्या दिवशी त्याचे मोल फार मोठे ठरते.

यावरचा मुख्य उपाय समजण्यासाठी संकेतस्थळाची पाने कशी तयार होतात ते पाहिले पाहिजे. काही संकेतस्थळे प्रत्येक वाचकासाठी पान नव्याने जुळवतात. मागणी आली की सर्व्हरमधला संगणक-कार्यक्रम (प्रोग्राम) माहितीकोशाला (डेटाबेसला) दहा प्रश्न विचारतो, उत्तरे गोळा करतो, पान बांधतो आणि पाठवतो. बँकेच्या खात्यासाठी हे आवश्यक आहे, कारण प्रत्येकाची शिल्लक वेगळी असते. रायगड जिल्ह्याचा लाल इशारा मात्र सगळ्यांसाठी एकच आहे. तो एकदाच तयार करून ठेवावा आणि प्रत्येकाला तीच प्रत द्यावी, हे वर्तमानपत्रासारखे झाले: मजकूर एकदा छापखान्यात छापायचा, गठ्ठे गावोगावच्या विक्रेत्यांकडे पाठवायचे आणि वाचकाने आपल्या चौकातल्या स्टॉलवरून अंक उचलायचा, अंक मागायला कोणी छापखान्याच्या दारात जात नाही. इंटरनेटवर या विक्रेत्यांचे काम सीडीएन म्हणून ओळखली जाणारी वितरण-जाळी करतात. त्यांचे सर्व्हर मुंबई, चेन्नई, दिल्ली अशा अनेक शहरांत असतात आणि मूळ पानाची प्रत आपल्याजवळ ठेवून जवळच्या वाचकांना देतात.

ही प्रत किती वेळ ताजी मानायची, ते संकेतस्थळ चालवणाऱ्यांनी ठरवायचे असते. ‘दर मिनिटाला एकदा नवी प्रत घ्या’ एवढी सूचना दिली, तरी मूळ सर्व्हरचा भार नाट्यमय रीतीने उतरतो. मिनिटाला लाखभर लोकांनी पान उघडले, तरी मूळ सर्व्हरकडे जाळ्याच्या प्रत्येक केंद्रातून मिनिटाला जवळपास एकच मागणी येते. चक्रीवादळाचे पत्रक तासाने किंवा तीन तासांनी बदलत असताना एका मिनिटाचा उशीर कोणाच्याही जिवावर येत नाही. विजांच्या कडकडाटासह येणाऱ्या पावसाचा तीन तासांचा तात्कालिक अंदाज असो, की दर काही मिनिटांनी बदलणारी रडारची प्रतिमा असो, तिथेही एक मिनिट चालते. या जाळ्यांना आणखी एक सूचना देता येते: मूळ सर्व्हर बंद पडला असेल, तर कोरी त्रुटी दाखवण्याऐवजी हाताशी असलेली शेवटची चांगली प्रत दाखवा. वादळात विजेचा किंवा तारांचा बिघाड झाला तरी निदान तासाभरापूर्वीचा इशारा लोकांना दिसत राहतो.

जुन्या प्रतीचा धोका

पण इथेच सावध राहायला हवे. तासाभरापूर्वीचा इशारा तासाभरापूर्वीचा आहे हे वाचकाला कळले, तरच तो उपयोगाचा. जुने चित्र नवे म्हणून दिसत राहिले, तर ते बंद पानापेक्षाही घातक, कारण बंद पान पाहून माणूस दुसरीकडे चौकशी करतो; जुने चित्र पाहून तो निश्चिंत बसतो. म्हणून प्रत्येक इशाऱ्यावर तो कधी काढला, कधीपर्यंत लागू आहे आणि पुढचे पत्रक कधी निघणार, या तीन गोष्टी ठळक अक्षरांत असायला हव्यात.

आणि ती वेळ भारतीय प्रमाणवेळेत हवी. उपग्रह आणि रडार यांच्या प्रतिमांवर बहुधा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ छापलेली असते. प्रतिमेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘०६००’ असा आकडा दिसतो. हवामानशास्त्रज्ञाला तो सरावाचा असतो, पण दापोलीतल्या बागायतदाराला ते चित्र पहाटे ६ वाजताचे वाटते आणि तो ते शिळे समजून सोडून देतो; प्रत्यक्षात ते सकाळी ११ वाजून ३० मिनिटांचे असते. यूटीसीमध्ये साडेपाच तास मिळवायचे, एवढे लक्षात ठेवले तर वाचकाचे काम भागते, पण हा हिशेब ऐन वादळात सामान्य माणसावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. प्रतिमेखाली भारतीय वेळ मोठ्या अक्षरांत लिहायला संगणकाला काहीही कष्ट पडत नाहीत.

रडारच्या प्रतिमेवर लोकांचा एवढा जीव का, याचे उत्तर मुंबईच्या इतिहासात आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच शहराच्या दक्षिण टोकाला कुलाब्यात केवळ ७३ मिलिमीटर. एकाच शहरात एवढा फरक पडू शकतो, तेव्हा ‘मुंबईत अतिवृष्टी’ या दोन शब्दांनी लोकांचे समाधान होत नाही. ढग आपल्या डोक्यावर आहेत की खाडीपलीकडे, हे त्यांना पाहायचे असते. आता मुंबईत कुलाबा आणि वेरावली अशी दोन डॉपलर रडार आहेत आणि मुसळधार पावसात त्यांच्या प्रतिमा लोक पुन्हा पुन्हा उघडत राहतात. ही मागणी रास्त आहे. म्हणूनच रडारची प्रतिमा साध्या, हलक्या चित्राच्या रूपात वेगळ्या पत्त्यावर असावी. भारी संवादी नकाशाच्या पोटात ती दडवून ठेवली, तर एका चित्रासाठी प्रत्येकाला अख्खा नकाशा उतरवून घ्यावा लागतो.

इतरांनी काय भोगले

ज्या देशांनी हवामानसेवेवर भरपूर पैसा खर्च केला, त्यांचीही यातून सुटका झालेली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने डिसेंबर २०२० मध्ये, आपल्या जाळ्याची क्षमता अपुरी पडत असल्यामुळे, माहिती घेणाऱ्यांवर मिनिटाला ६० जोडण्यांची मर्यादा घालण्याचा प्रस्ताव मांडला. हवामानावर काम करणाऱ्या अनेकांनी त्यावर आक्षेप घेतला, कारण तिथली खासगी अ‍ॅप, वाहिन्या आणि संशोधक याच सरकारी माहितीवर उभे आहेत. पुढे मार्च २०२१ मध्ये दक्षिणेकडच्या राज्यांत टॉर्नेडोंचे थैमान चालू असताना, अंदाजकर्ते ज्या ऑनलाइन व्यवस्थेतून आपत्ती अधिकाऱ्यांशी आणि वाहिन्यांशी बोलतात, तीच व्यवस्था ढेपाळली. यातून दिसते ते असे, की लोकांना दिसणारे पान आणि तज्ज्ञांचा आपापसातला संवाद हे दोन्ही मार्ग वेगवेगळे आणि एकमेकांपासून सुटे असले पाहिजेत. गर्दीमुळे पान मंदावले, तरी अलिबागच्या जिल्हाधिकारी कार्यालयाला मुंबईच्या प्रादेशिक केंद्राशी बोलता आले पाहिजे.

त्याच अमेरिकेत एक अनुकरणीय पद्धतही आहे. तिथले राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्र आपली पत्रके निव्वळ मजकुराच्या पानांवरही देते, ज्यांत चित्र नावालाही नसते. ती पाने दिसायला रूक्ष आहेत, पण मरगळलेल्या जोडणीवरही चटकन उघडतात. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘इर्मा’ वादळ फ्लोरिडाकडे येत असताना सीएनएन या वृत्तसंस्थेनेही बातम्यांची अशीच फक्त मजकुराची आवृत्ती लोकांपुढे ठेवली होती.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव वेगळ्या तऱ्हेचा आणि म्हणून अधिक शिकण्यासारखा आहे. तिथल्या हवामान खात्याने २२ ऑक्टोबर २०२५ रोजी नवे संकेतस्थळ सुरू केले. ते बंद पडले नव्हते. पान उघडत होते. तरीही लोक संतापले, कारण रडारच्या प्रतिमेचे रंग आणि मांडणी बदलली होती आणि वर्षानुवर्षे सवयीच्या जागी सापडणारी माहिती हलली होती. त्यातच काही दिवसांत क्वीन्सलंड राज्यात जोरदार वादळी पाऊस झाला. शेतकऱ्यांपासून राज्याच्या प्रमुखांपर्यंत सर्वांनी टीका केल्यावर खात्याला काही दिवसांतच रडारचे जुने रूप परत आणावे लागले. नंतर या प्रकल्पाचा एकूण खर्च सुमारे ९ कोटी ६० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर असल्याचे उघड झाले आणि वाद आणखी पेटला. वारा घोंघावत असताना माणूस नवी मांडणी शिकत बसत नाही. हात सवयीने जिथे जातो, तिथे त्याला इशारा सापडला पाहिजे. वादळांच्या हंगामाच्या तोंडावर मांडणी बदलणे म्हणजे, पान सुरू असूनही अनेकांसाठी ते बंद करण्यासारखेच आहे.

मजकूर आधी

इशारा मजकुरात असावा, या आग्रहामागे केवळ वजनाचा हिशेब नाही. सर्व्हर साधारणपणे पहिल्या खेपेत १४ किलोबाइट माहिती पाठवतो आणि पलीकडून पोच मिळेपर्यंत थांबतो. देवनागरीतले प्रत्येक अक्षरचिन्ह साठवायला ३ बाइट लागतात, म्हणजे दीड हजार चिन्हांचा पुरेसा सविस्तर इशारा साडेचार किलोबाइटमध्ये मावतो. संकोचन केले, म्हणजे संगणकाने मजकूर दाबून लहान केला, तर त्याहूनही कमी जागेत. तो पहिल्या खेपेतच वाचकाच्या हाती पडतो. डोंगराआडच्या गावात, जिथे फोनवर नेटवर्कची एखादीच काडी दिसते, तिथे पहिली खेप पोचणे आणि दुसरी न पोचणे हा नेहमीचा अनुभव आहे.

याउलट, आपल्याकडे सरकारी सूचना अनेकदा सही-शिक्क्याच्या कागदाचे छायाचित्र काढून किंवा ते पीडीएफमध्ये घालून प्रसारित केली जाते. त्या चित्रातला मजकूर दृष्टिहीन व्यक्तीच्या फोनमधला वाचक-कार्यक्रम वाचू शकत नाही. तो शोधता येत नाही, दुसऱ्या भाषेत सहज नेता येत नाही आणि लहान पडद्यावर अक्षरे मोठी करताना ओळी बाहेर जातात. मराठीत त्यात आणखी एक जुने दुखणे आहे: युनिकोड ही सगळ्या यंत्रांवर अक्षरे सारखीच दिसण्यासाठीची सामायिक पद्धत, पण कित्येक कार्यालयांत अजूनही तिच्या आधीच्या काळातले फाँट वापरले जातात. पडद्यावर मजकूर छान मराठीत दिसतो, पण तो उचलून व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवायला गेले की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला समोर येतो. ‘समुद्रकिनारी जाऊ नये’ हे चार जणांना कळवू पाहणाऱ्या तरुणाला तो मजकूर पुन्हा टंकावा लागतो आणि टंकताना गावाचे नाव किंवा तारीख चुकली, की तिथून अफवा सुरू होते. सरकारी संकेतस्थळांसाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून अस्तित्वात आहेत आणि २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. दिव्यांगांना वापरता येईल अशी रचना आणि भारतीय भाषांसाठी युनिकोड यांचा आग्रह त्यांत आहेच. उणीव आहे ती अंमलबजावणीची.

रंगांचेही तसेच. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल या चार रंगांची भाषा आता महाराष्ट्रात घरोघरी पोचली आहे आणि ही मोठी कमाई आहे. तरी ज्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, त्यांच्यासाठी जिल्ह्याच्या नावापुढे ‘लाल इशारा’ हे शब्दही लिहिलेले असावेत. ज्याच्या फोनवर नकाशा उतरलाच नाही, त्यालाही तेच दोन शब्द उपयोगी पडतात.

एकच इशारा, अनेक दारे

संकेतस्थळावरचा भार हलका करण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे लोकांना संकेतस्थळावर यावेच लागू नये अशी सोय करणे. त्यासाठी इशारा यंत्रांना वाचता येईल अशा ठरावीक साच्यात काढावा लागतो. जगभर यासाठी सामायिक इशारा-संहिता वापरली जाते, तिला तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘कॅप’ म्हणतात. धोका कोणता, किती तीव्र, कोणत्या भागात, कधीपासून कधीपर्यंत आणि लोकांनी काय करावे, हे त्यात वेगवेगळ्या रकान्यांत नोंदलेले असते. एकदा असा इशारा निघाला, की वृत्तसंस्था, अ‍ॅप, रेल्वे, रेडिओ केंद्रे आणि जिल्हा प्रशासन यांना तो आपोआप उचलता येतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ हे व्यासपीठ याच संहितेवर चालते.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे सेल ब्रॉडकास्ट. २०२३ मध्ये अनेकांचे फोन एकाएकी मोठ्याने वाजले आणि पडद्यावर चाचणीचा संदेश उमटला, तो याच व्यवस्थेचा. साधा एसएमएस प्रत्येक क्रमांकाला वेगळा पाठवावा लागतो, त्यामुळे लाखो लोकांना कळवताना वेळ जातो. सेल ब्रॉडकास्टमध्ये मोबाइलचा मनोरा आपल्या टापूतल्या सगळ्या फोनांना एकाच वेळी संदेश देतो, मग फोन दहा असोत की दहा हजार. आणि त्यासाठी इंटरनेटही लागत नाही. गर्दी वाढल्याने न मंदावणारा असा हा मार्ग असल्यामुळे ‘घराबाहेर पडू नका’ एवढा तातडीचा निरोप त्यावरून जावा आणि सविस्तर माहितीसाठी संकेतस्थळ असावे, ही विभागणी योग्य आहे. मात्र त्या निरोपात संकेतस्थळाचा दुवा घालायचा असेल, तर तो अत्यंत हलक्या पानाचा हवा. लाखो फोन एकाच सेकंदाला वाजवून सगळ्यांना भारी पानाकडे पाठवणे म्हणजे आपणच आपल्या सर्व्हरवर हल्ला चढवणे होय.

मनोरेच पडले तर काय, हा प्रश्न उरतोच. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘मारिया’ वादळाने पोर्तो रिकोतले सुमारे ९५ टक्के मोबाइल मनोरे बंद पाडले आणि सान हुआनचे हवामान रडारही मोडले. आपल्याकडे ‘निसर्ग’नंतर श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागांत विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे दिवसेंदिवस वीज व फोनवाचून राहिली. वादळ डोक्यावर आल्यानंतर संकेतस्थळ कितीही भक्कम असले तरी तिथल्या माणसाला ते उघडता येत नाही. म्हणून त्याच्या कामाची खरी मुदत आधीच्या दोन-तीन दिवसांची आहे. त्या मुदतीत माहिती पोचली, की पुढचे काम आकाशवाणी, पोलीस पाटील, मच्छीमार सोसायट्या आणि बंदरावरचा बावटा यांच्याकडे जाते. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे कोकणातल्या कोणत्याही बंदरावर आजही पुरेसे बोलके वाक्य आहे, आणि ते समजायला चार्ज केलेला फोन लागत नाही.

अधिकृत पान न उघडल्याचा तोटा केवळ माहिती न मिळण्यापुरता नसतो. लोक मग मिळेल ते पाहतात. विंडीसारख्या संकेतस्थळांवर वाऱ्याचे सुंदर नकाशे असतात आणि ते उपयुक्तही आहेत, पण ते संगणकीय प्रारूपाचे, म्हणजे संगणकाने गणिताने काढलेल्या अंदाजाचे, चित्र असते. निरनिराळी प्रारूपे, उपग्रह, रडार आणि किनाऱ्यावरच्या नोंदी यांचा मेळ घालून जबाबदारीने दिलेला इशारा ही वेगळी गोष्ट आहे. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्याच देशातल्या जुन्या वादळाची चित्रफीत ‘आत्ताची अलिबागची’ म्हणून फिरू लागते. तिचे खंडन करायला दाखवावे असे अधिकृत पानच उघडत नसेल, तर खंडन करणाऱ्याचा आवाज क्षीण पडतो. म्हणून अधिकृत पत्ता आधीच फोनमध्ये साठवून ठेवावा, त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे याची खात्री करावी आणि ऐन गर्दीत पान सारखे ताजे करत बसण्यापेक्षा पुढच्या पत्रकाची वेळ पाहून तेव्हा उघडावे.

तयारी वादळाआधीची

तंत्रज्ञान विकत घेता येते. पण सर्व्हर ज्यांच्या हातात असतात त्या माणसांची तयारी सरावानेच होते. मूळ सर्व्हर दोन वेगळ्या शहरांत हवेत आणि ती शहरे एकाच वादळाच्या वाटेत नसावीत. अंदाजकर्त्यांच्या कार्यालयालाच फटका बसला, तर त्यांचे काम दुसऱ्या कार्यालयाने उचलण्याची लेखी व्यवस्था हवी. ऑगस्ट २०२० मध्ये ‘लॉरा’ वादळाने लुइझियानातल्या लेक चार्ल्सचे रडार उद्ध्वस्त केले, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांना आधीच हलवले होते आणि दुसऱ्या ठिकाणाहून इशारे देणे सुरू राहिले. पानावर मजकूर चढवण्याचा अधिकार एकाच व्यक्तीच्या एकाच संगणकाशी बांधलेला नसावा. संकेतस्थळाच्या सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत कधी संपते, हेही कुणीतरी पाहायला हवे. ते ऐन रविवारी संपले, तर सर्व्हर धडधाकट असूनही वाचकाच्या फोनवर ‘हे स्थळ सुरक्षित नाही’ असा अडसर उभा राहतो.

अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात: एक मान्सूनपूर्व मे-जूनचा आणि दुसरा मान्सूनोत्तर ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. मांडणीतले सगळे बदल एप्रिलपूर्वी किंवा सप्टेंबरपूर्वी संपवावेत आणि मग खोटी गर्दी निर्माण करून पूर्ण व्यवस्थेची चाचणी घ्यावी. चाचणीत मूळ सर्व्हर मुद्दाम बंद करून पाहावा: शेवटची प्रत दिसते का, तिच्यावर वेळ दिसते का, हलकी आवृत्ती आपोआप पुढे येते का. नकाशाची सेवा पाडून पाहावी आणि तरी जिल्हानिहाय इशाऱ्याचा तक्ता वाचता येतो का ते तपासावे. ही तपासणी दिल्लीतल्या किंवा पुण्यातल्या कार्यालयाच्या वेगवान जोडणीवरून करून भागणार नाही. एखादा जुना, स्वस्त फोन घेऊन हर्णै किंवा दिवेआगरच्या बाजारपेठेत उभे राहावे, फोन मुद्दाम टूजीवर ठेवावा, मराठी पान उघडावे आणि पहिला इशारा वाचता येईपर्यंत किती सेकंद गेले ते वहीत लिहावे. तो आकडा दहाच्या वर गेला, तर पानावरचे काय काय कमी करायचे, याची यादी तिथेच उभ्या-उभ्या तयार होते.